गाढव मेल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?

३ मार्च

अहो,

पत्र मिळालं. तब्येत बरी आहे, खोलीत वारा येतो, शेजारी शांत आहेत, सगळं वाचलं. आईंनाही मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझा मुलगा कुठेही नीटच राहतो," आणि माझ्याकडे बघितलं. ते जाऊ दे. मला मुद्द्याचं सांगा, गाढव सातव्या नंबरावर कसं गेलं?

लग्न झाल्यापासून तुमच्या पहिल्या दहांत तीन बहिणींच्या गाढवाचा सिनेमा पहिला आहे. त्याचं खरं नाव आपल्याला कधीच आठवलं नाही, सगळ्याच सिनेमांचं तसं आहे, पण गाढव म्हटलं की दोघांनाही कळतं. मी इतकी वर्षं कंठशोष केला की बहिरा वकील त्याच्या वर हवा, निदान दीपगृहातले दोघे भाऊ तरी. तुम्ही हटला नाहीत. मोठ्या साहेबांनी जेवायला बोलावलं होतं, तर तिथे त्यांच्या बायकोशी हातात वाटी धरून वाद घातलात गाढवावरून. तुमची बढती वर्षभर लांबली ती त्याच्यामुळे, असं मला अजून वाटतं. आणि आता पत्राच्या शेवटी एक ओळ: "गाढव आता सातवं. का ते विचारू नकोस." अहो, त्या गाढवानं तुमचं काय घोडं मारलं?

विचारू नकोस म्हटलं की मी विचारणारच, हे तुम्हाला माहीत नाही असं तर नाही.

आपलं ठरलंय ते मी मोडत नाहीये. फोनवर आपण पाच मिनिटांत भांडणावर येतो, म्हणून फोन बंद. पत्रं लिहायची आणि पत्रात फक्त सिनेमा. बाटल्यांचा कारखाना इथून उठून तिकडे गेला, तुम्ही त्याच्यामागे गेलात, मी लॅबमधलं माझं दात-कवळ्या बनवायचं काम सोडून आले नाही, हा विषय काढायचा नाही. "तुला माझ्यापेक्षा लोकांचे दात प्यारे" हे वाक्य मी विसरले आहे. बघा, काढला का विषय? गाढव हा सिनेमाच आहे, म्हणजे नियमात बसतं.

माझी यादी आहे तशीच. वकील, दीपगृह, पुलावरची, मग बाकीचे. आमच्या लॅबमधल्या प्लास्टरवालीबरोबर परवा एक नवीन बघितला, राजेरजवाड्यांच्या काळातला. तिला फार आवडला. मी म्हटलं, बाई, त्या भिकाऱ्याचे दात बघितलेस का? जन्मभर उपाशी राहिलेला माणूस आणि वरची रांग अशी, की मीसुद्धा इतकी सरळ लावत नाही. तिथंच माझं मन उडालं. नंबर चौदावा. आईंना विचारू नका, त्यांच्या मते जगात एकच सिनेमा निघाला, तो लोहाराच्या सुनेचा, आणि बाकीचे सगळे त्याची नक्कल करतात.

गाढवाचं कळवा. सविस्तर.

तुमची,
मीच


२४ मार्च

अहो,

"गाढव शेवटी मरतं. इथे दुपारच्या खेळाला जुने सिनेमे लावतात. मी बघितलं." झालं? एवढ्यात आटोपलं?

मी तीन वेळा वाचलं. कवळी घासायच्या चाकावर बसले होते, तरी डोक्यात तेच. शेवटी एक दाढ जास्त घासली गेली आणि पुन्हा बसवावी लागली.

पहिला प्रश्न. तुम्ही बघितलं? तुम्ही? ज्या माणसानं आयुष्यात एकाही सिनेमाचा दुसरा अर्धा उघड्या डोळ्यांनी बघितलेला नाही? मध्यंतर संपलं, दिवे गेले की तुमची मान माझ्या खांद्यावर. मी कधी कुरकुर केली नाही. पहिल्या पाळीला अंधारात उठून जाणारा माणूस, गार थेटरात त्याला डुलकी लागणारच. दिवे लागले की डोळे चोळत विचारायचं, "मग? काय झालं पुढे?" आणि चालत घरी येताना मी सांगायचं. पेट्रोलपंपापर्यंत शेवट, पंपापासून घरापर्यंत नंबर. आपला शिरस्ताच तो. एकदा भर पावसात पंपाखाली उभं राहून नंबरावरून भांडलो होतो, तो पंपवाला मध्ये पडला होता.

म्हणजे आता तुम्हाला जागं कोण ठेवतं?

दुसरा प्रश्न. दुपारचा खेळ. कामावरचा माणूस दुपारच्या खेळाला कसा जातो?

आणि आता तुम्ही विचाराल, की मग तू मला गाढव जिवंत का सांगितलंस? सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही. लग्नानंतर आपण पहिला सिनेमा बघितला तो पुलावरचा. ती त्याची वाट बघत पुलावर उभी राहते आणि तो येत नाही, दिवे लागतात, संपला. मी भाबडेपणानं जसं होतं तसं सांगितलं. तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तडे गेलेल्या बाटल्या पास केल्यात म्हणून साहेब ओरडले. आई म्हणाल्या, "काय बोललीस त्याला?" तेव्हा मी ठरवलं, की या माणसाला शेवट जरा सुधारून सांगायचे. खोटं नाही, सुधारून! आम्ही लॅबमध्ये दुसरं काय करतो? माणसाचे दात होते तसे कुणी बसवत नाही, असायला हवे होते तसे बसवतात, आणि तो आरशात बघून खूश होतो.

म्हणून तुमचं गाढव पावसात रात्रभर पडून राहतं आणि पहाटे उठून धाकटीच्या नवऱ्याची टोपी खातं. सिनेमावाल्यांना हे सुचलं नाही त्याला मी काय करू? वकील खटला जिंकतो. दीपगृहातला धाकटा भाऊ होडी घेऊन परत येतो. पुलावरची तेवढी राहिली, ती आधीच सांगून झाली होती.

पण माझी बाजू मला तपासायची नाहीये. तुमची तपासायची आहे. एक साधं विचारते. परवा तुम्ही लिहिलेला तो नवीन, दोन न्हाव्यांचा. शेवट तुम्ही फार छान लिहिलात, वस्तरा खाली ठेवतो वगैरे. त्याची सुरुवात कशी आहे तेवढी कळवा. पहिला प्रसंग. मलाही बघायचाय, लागला की जाईन.

तुमची,
मीच


१६ एप्रिल

अहो,

"सुरुवात ठीक आहे."

ठीक आहे म्हणजे? ती सुरुवात आहे की कुणाचा जावई, ठीक आहे म्हणायला? मी तो सिनेमा बघून आले. सुरुवातीला दुकान जळतं! अख्खं दुकान जळतं, आरसे तडातडा फुटतात, थेटरात लोक ओरडले. एवढं जळालेलं ज्यानं बघितलं तो "ठीक आहे" लिहिणार नाही. तुम्ही सुरुवातीला नव्हताच.

मग मी तुमची मागची सगळी पत्रं काढून बसले. एकाही सिनेमाची सुरुवात नाही. शेवट सगळ्यांचे. शेवटचं गाणं, शेवटचं रडणं, नावं वर जायला लागली की कोण उठतं आणि कोण बसून राहतं. म्हणजे तुम्ही रोज उशिरा पोचता. आणि माणूस सिनेमाला रोज उशिरा कधी पोचतो? बरोबरीचं कुणीतरी नटायला वेळ लावतं तेव्हा! मी कधी लावला नाही. माझ्यामुळे आपली एक जाहिरातसुद्धा कधी चुकली नाही. केसांना फणी आणि निघालो.

पाळी बदलली, दुपारी मोकळा असतो, असं लिहिलंत. बरं. पाळी बदलली, झोप बदलली, आवड बदलली. माणूस तेवढा तोच आहे ना?

आणि ही तुमची नवीन विद्या. "सिनेमा चांगला की वाईट ते छापून येतं त्यावरून ठरवू नये, खुर्चीखाली बघावं. रडायच्या सिनेमाला लोक छत्र्या विसरून जातात. मारामारीच्या सिनेमाला कुणी काही विसरत नाही. दीपगृहाला एक बूट राहिला होता, म्हणून तो दुसरा." वाचून प्लास्टरवाली हसून हसून पडली. म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला कविता सुचायला लागल्या." मला हसू आलं नाही. एवढा खुर्चीखाली वाकून कोण बघतं? कुणाची पिन शोधत होतात? पैंजण? आपण इतके सिनेमे बघितले, माझं कानातलं पडलं तेव्हा तुम्ही घोरत होतात आणि मी एकटी हातांनी चाचपडत होते.

बाकी नंबरांचं म्हणाल तर ही पद्धत मला मान्य नाही. लोकांचा विसराळूपणा आणि सिनेमाचा दर्जा यांचा काय संबंध? आई एवढ्यात चष्मा कुठेही विसरतात, म्हणून काय आमचं स्वयंपाकघर पहिल्या नंबरावर?

आता खरं खटकलेलं. ताज्या कलमात, अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलंत: "खालची कवळी बोलताना उचलली जात असेल तर काय करावं?"

तुमचे दात मी मोजलेले आहेत. सगळे शाबूत. कवळी कुणाची?

मी रात्रंदिवस, आपलं, दिवसभर त्याचाच विचार करतेय. म्हणजे ती माझ्याहून मोठी आहे. मोठी असूनही नटायला वेळ लावते. आणि बोलताना उचलली जाते हे तुम्हाला कळतं, म्हणजे पुष्कळ बोलणं होतं, आणि जवळून होतं. उत्तर हवं असेल तर ऐका: हिरडी झिजली की खालची बसत नाही, आतून नवीन अस्तर भरून घ्यावं लागतं. कुठल्याही बऱ्या दंतवैद्याकडे होतं. हा सल्ला मी धंदा म्हणून दिलाय. बायको म्हणून दिलेला नाही.

मीच


५ मे

अहो,

पार्सल मिळालं.

मी आधी खूश झाले, हे लिहून ठेवते. खोटं का बोलू? लॅबमधून आले, टेबलावर पुडकं, वर तुमचं अक्षर. आई म्हणाल्या, "उघड उघड." आत शाल. मऊ, फिकट निळी, कडेला बारीक पानं विणलेली. अंगावर घेतली, आरशात बघितली. रंग मला शोभतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही आपणहून मला कधी काही आणलं असेल तर तो प्रेशर कुकर. मला भरून आलं.

मग आईंनी ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "ही नवी नाही. धुतलेली आहे."

मी म्हटलं, "काहीतरीच काय, आई?" त्यांनी मला कोपरा दाखवला. तिथं रफू केलेलं. बारीक, नीट, पण रफूच. आणि साबणाच्या वासाखाली दुसरा वास. अत्तराचा. धुऊनही न गेलेला. माझ्या जन्मात मी अत्तर लावलेलं नाही, लॅबमध्ये चालतच नाही ते.

आईंनी शालीची घडी घातली. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाची बाजू मी घेणारच. पण आज नाही घेत." आणि उठून आत गेल्या. मला वाटतं त्या रडल्या.

आता ऐक. हो, ऐक म्हणाले. आज अहो-जाहो निघत नाही तोंडातून. कोणाची शाल आहे ही? तिला नको झाली म्हणून मला पाठवलीस? की चुकून तुझ्या खोलीत राहिली आणि तुला वाटलं, घरी पाठवली म्हणजे संपलं? अंगावरची उतरवलेली शाल बायकोला पाठवायची हिंमत तुझी झाली कशी? तू माझ्याबरोबर आला नाहीस, मी तुझ्याबरोबर आले नाही, ते भांडण मी समजू शकते. भांडण नवरा-बायकोचंच असतं. पण हे?

मी कारखान्यात फोन लावला. नियम मोडला. नुसतीच घंटा वाजते, कुणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी लावला, तेच. ऑपरेटरलाही सांगून ठेवलंयस का माझा फोन घेऊ नका म्हणून?

इथे डॉक्टरांना लॅबला मुख्य हवी आहे. कायमची. मी म्हटलं होतं, विचार करते, कारण मनात होतं की वर्ष सरलं की आपणच तिकडे जावं. हो, होतं मनात. तुला कधी लिहिलं नाही, कारण पत्रात फक्त सिनेमा. आता या महिन्याअखेर मी त्यांना हो म्हणणार आहे आणि मग मी इथून हलत नाही. त्याआधी मला एका ओळीत खरं कळव. शाल कुणाची?

सिनेमाचं आज काही नाही.


२१ मे

अहो,

"शाल चांगली आहे म्हणून पाठवली. गैरसमज करून घेऊ नकोस. सगळं भेटल्यावर सांगेन, पण इतक्यात येऊ नकोस, खोली लहान आहे."

दोन माणसं मावत नाहीत इतकी लहान, की दोन माणसं आधीच मावलेली आहेत?

तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण सांगते. खालच्या मजल्यावरचे टेम्पोवाले भावजी माल घेऊन तुमच्या गावाला आले होते. मीच त्यांना म्हटलं होतं, जमलं तर यांच्याकडे एक नजर टाकून या. परत आल्यापासून ते मला जिन्यात चुकवत होते. काल मी त्यांना पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"वहिनी, मी काही बघितलं नाही."

"काय बघितलं नाहीत?"

"तेच. काहीच."

"भावजी, परवा तुमच्या आईची कवळी मोडली ती कुणी रातोरात जोडून दिली?"

मग बोलले. तुम्ही एका थेटराच्या दारात उभे होतात. शेजारी एक बाई. उंच, गोरी. तुम्ही काहीतरी सांगत होतात आणि ती तोंडावर हात धरून हसत होती. दुसऱ्या दिवशीही तिथेच, तीच बाई, तसंच तोंडावर हात धरून. भावजींनी हाक मारली, तर तुम्ही वळून आत गेलात. चक्क आत गेलात.

तोंडावर हात धरून! लाजत होती वाटतं. या वयात! तुम्ही आयुष्यात कुणाला हसवल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरी तुम्ही सांगितलेला एकुलता एक विनोद माझ्या वडिलांना दोनदा समजावून सांगावा लागला होता.

तुम्ही उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. मी काही तिकडे येणार नाही. तुमची ती लहान खोली तुम्हाला लखलाभ. आईंना मी सांभाळीन, त्या माझ्याही आई आहेत, आणि शपथेवर सांगते, सध्या तुमच्यापेक्षा माझ्या जास्त आहेत.

यादी मात्र बदलतेय. दीपगृह काढलं. वाट बघणारी माणसं असलेले सगळेच काढले. वकील एकटा राहिला.


२ जून

अहो,

हे पत्र टपालानं येणार नाही.

मी इथे आहे. तुमच्या थेटरात, बाहेरच्या दालनात, जाड खांबाच्या मागच्या बाकावर बसून लिहितेय. पेन तिकीटवालीचं आहे. येणार नाही म्हटलं होतं, ते सुधारून सांगितलं होतं.

सकाळी उतरले. आधी कारखान्याकडे गेले. फाटकाला कुलूप, आत गवत वाढलेलं, फुटक्या बाटल्यांचा ढीग. पानवाल्याला विचारलं तर म्हणाला, "कधीचा बंद झाला, बाई. थंडीतच." मी तिथं उभी राहिले तशीच. थंडीपासून तुम्ही मला "पाळी बदलली" लिहिताय. मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्याही आधी मनात आलं, की हा माणूस मग खातो कुठे, करतो काय?

तिथून या थेटरावर आले. दुपारच्या खेळाला काय लागलंय ते बघा माझं नशीब. गाढव! इथं त्याच पाच-सहा जुन्यांचं रहाटगाडगं चालतं म्हणे. तिकिटाच्या खिडकीत ती बसली होती. उंच, गोरी. पासष्टीची असेल. माझ्याशी बोलायला तोंड उघडलं आणि पटकन तोंडावर हात धरला. खालची कवळी उचलली जात होती. अहो, मला तिथं हसावं की रडावं कळेना. मी इतके दिवस जिचा गळा धरायचा ठरवलं होतं, तिला मी खिडकीतून म्हटलं, "आतून अस्तर भरून घ्या, मावशी. दिवसाचं काम आहे."

ती म्हणाली, "आमचा दरवाजावाला भाऊही तेच सांगत होता. त्याच्या बायकोनं कळवलंय म्हणे."

मग तिनं पुढचं सगळं न विचारता सांगितलं, अशी माणसं असतात. भाऊ आधी बाटल्यांच्या कारखान्यात साहेब होता. कारखाना बुडाला. कुणी इकडे घेईना, कुणी तिकडे घेईना, वय झालं म्हणाले. शेवटी इथं लागला. सिनेमा संपत आला की बाजूचे दरवाजे उघडायचे, पडदा बाजूला धरायचा, लोक गेले की खुर्च्यांखालचं झाडायचं. राहिलेल्या वस्तू महिनाभर ठेवतात, कुणी मागायला आलं नाही तर आपसात वाटून घेतात. तिला छत्री मिळाली. "भाऊनं एक निळी शाल घेतली. स्वतः धुतली, स्वतः रफू केली. नवी म्हणून पाठवली बिचाऱ्यानं."

मी विचारलं, "बायकोला माहीत आहे का, तो इथं आहे ते?"

"नाही हो. ती फार कडक आहे म्हणतो."

"असेल," मी म्हटलं आणि तिकीट घेतलं.

मागून तिसरी रांग, कडेची खुर्ची, दरवाजाजवळची. तुमची शाल डोक्यावरून घेऊन बसले. सिनेमा तसाच आहे. मधली बहीण अजूनही वाईट काम करते, याबद्दल मी तुमचं कधीही ऐकणार नाही. शेवट जवळ आला, पाऊस सुरू झाला, गाढव चिखलात कोसळलं, आणि माझ्या बाजूचा दरवाजा हळूच उघडला. उजेडाची पट्टी आली आणि तुम्ही दरवाजाचा पडदा धरून उभे राहिलात. अंगावर तो तपकिरी कोट, बाह्या आखूड. बारीक झालात. माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतात. मी हाक मारली नाही.

तुम्ही सिनेमाकडे बघत नव्हता. खाली बघत होतात. गाढव मरतं तेवढा वेळ तुम्ही जमिनीकडे बघितलंत. रोज असंच करत असाल.

मग दिवे लागले. माझ्या पुढच्या रांगेत तो आडदांड माणूस बसला होता, आठवतो का? मानेला रुमाल. एवढा धिप्पाड, पण नाक पुसत उठला आणि दरवाजापाशी थांबून तुम्हाला म्हणाला, "मारायला नको होतं हो त्याला."

आणि तुम्ही म्हणालात, "साहेब, मरत नाही ते. भिजून पडलंय. शेवटचं रीळ आमच्याकडे येत नाही, नाहीतर दिसलं असतं. पहाटे उठतं आणि धाकटीच्या नवऱ्याची टोपी खातं."

"खरं?"

"माझ्या बायकोनं शेवटपर्यंत बघितलाय."

तो माणूस हसत बाहेर गेला. मी शाल तोंडावर ओढून घेतली आणि मागच्या दरवाजानं निघाले. तुम्ही झाडू आणायला वळला होतात.

आता मला सांगा, मी कुणावर ओरडू? इथं येताना गाडीत पानभर तयार केलं होतं, काय काय बोलायचं ते. एकही वाक्य बसेना. कारखाना बंद पडला हे लपवलंत, कारण तुम्हाला वाटलं, मी दोन दिवस बोलणार नाही, तडे गेलेले दात पास करीन. मला शेवट सुधारून सांगितलात. विद्या माझीच, शिष्य निघालात तुम्ही. तरीही सांगते, मला राग आहे. मोठा आहे. त्याच्यासाठी वेगळा वेळ काढू. मी नुसत्या दातांसाठी मागे राहिले असं तुम्हाला वाटायचं, आणि तुम्ही नुसत्या बाटल्यांसाठी इकडे राहिलात असं मला वाटत होतं. अहो, एवढ्या लांब कुणी एकट्यानं असं राहतं का?

डॉक्टरांना मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. ते आपण मिळून ठरवू. आईंना माहीत आहे मी कुठे आलेय. निघताना म्हणाल्या, "त्याला सांग, लोहाराची सून शेवटी घरी परत येते." मी तो सिनेमा बघितलाय. येत नाही. पण आईंना कोण सांगणार?

संध्याकाळच्या खेळाचं तिकीट काढलंय. त्याच खुर्चीवर बसेन. दिवे लागायच्या आधी उठून जाईन, आणि शाल आणि हे पत्र खुर्चीखाली राहील. तुमच्या हिशेबानं आज सिनेमा चांगला ठरेल.

वाचून झालं की झाडायचं तेवढं झाडून घ्या, अर्धवट टाकून येऊ नका. मी पाण्याच्या कूलरपाशी बसले आहे. तुमच्या खोलीपर्यंत चालत जाऊ. सगळ्या सिनेमांचे पहिले अर्धे मी सांगेन, तुम्ही इतके महिने नुसते शेवट बघताय. तुम्ही मला कारखान्याचं सांगा. थंडीपासून आजपर्यंत. आणि तेवढं एक सुधारून नको, जसं झालं तसं सांगा.

गाढव परत पहिलं करा.

तुमचीच